आडवाटेच्या मोटारीचें कुलूप

बैलगाडीचीं दोन चाकें एकाच आंसावर असतात खरीं, परंतु तीं एकमेकांस बांधलेलीं नसतात. आंस जागच्या जागीं स्थिर राहतो आणि प्रत्येक चाक आपापल्या परीनें त्याच्याभोंवतीं फिरतें. गाडीवान बैल वळवितो तेव्हां आंतलें चाक जवळजवळ उभें राहतें व बाहेरचें मोठा वळसा घेतें. कोणाचें कोणावांचून अडत नाहीं. आगगाडीची गोष्ट नेमकी उलट. तिचीं दोन्ही चाकें आंसावर घट्ट बसविलेलीं असतात. रुळांचीं वळणें फार मोठीं असल्यामुळें आणि चाकांच्या धांवांस मुद्दाम उतार दिलेला असल्यामुळें तिचें निभावून जातें. मोटारीची अडचण या दोहोंहून निराळी आहे. तिला ओढणारा कोणी पुढें नसतो. तिला स्वतःचीं चाकें फिरवूनच पुढें जावें लागतें. म्हणजे चाकें इंजिनास बांधलेलीं तर हवींत, आणि वळणावर तींच एकमेकांपासून मोकळींही हवींत. या परस्परविरोधी मागण्या पुऱ्या करणारें यंत्र म्हणजे डिफरन्शियल, आणि वेळ पडल्यास त्याचा हा उदारपणा बंद करणारी योजना म्हणजे त्याचें कुलूप. हें कुलूप कोणी, कोणतें आणि कोणत्या आंसास घालावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदारपणा किती मोठा असतो तें एका हिशेबानें ध्यानांत येईल. दोन चाकांमधील अंतर दीड मीटर धरलें, तर पूर्ण एक वर्तुळ फिरतांना बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां सुमारें ९.४ मीटर अधिक धांवतें. गंमत अशी कीं, वर्तुळ लहान असो वा मोठें, हा आंकडा बदलत नाहीं. ताम्हिणी किंवा वरंधा घाटांत रस्ता जेथें उलट दिशेस फिरतो, तेथें अर्धें वर्तुळ होतें. तेवढ्यांत बाहेरचें चाक ४.७ मीटर, म्हणजे मध्यम आकाराच्या चाकाचे जवळजवळ दोन फेरे, अधिक फिरून घेतें. चाकें जखडलेलीं असतीं तर हे दोन फेरे कोणीतरी भरून द्यावे लागले असते: एक तर टायरनें घासून, नाहीं तर आंसांतील दांड्यानें पिळवटून. १८२७ सालीं ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञानें रस्त्यावरून धांवणाऱ्या वाफेच्या गाडीसाठीं या योजनेचें पेटंट घेतलें, आणि आजही मोटारीच्या आंसाच्या मध्यभागीं जो लोखंडी गोळा दिसतो त्याच्या पोटांत तेंच तत्त्व काम करीत असतें.

परंतु या यंत्राच्या सद्‌गुणांतच त्याचा दोष आहे. तें दोन्ही चाकांस वेग वेगवेगळा देतें, बळ मात्र सारखेंच वांटतें. समजा, डावें चाक गुळगुळीत चिखलांत आहे आणि त्यास ५० मापांहून अधिक बळ पेलत नाहीं. उजवें कोरड्या खडकावर आहे आणि त्यास ५०० मापें सहज पेलतील. तरीही उजव्याच्या वांट्यास ५०च येतात, कारण डाव्यास त्याहून अधिक देऊं गेल्यास तें नुसतें गरगर फिरूं लागतें. सशक्त भावानें दुर्बळ भावाच्या शक्तीएवढेंच काम करावें, असा हा न्याय आहे. गाडीस एकंदर १०० मापें मिळतात व ती जागीं अडते. डावें चाक हवेंत लोंबकळत असेल तर शून्याच्या जोडीस शून्य. कुलूप घातलें कीं दोन्ही चाकें एकाच दांड्यावर बसविल्यासारखीं होतात, ज्यास जेवढें पेलेल तेवढें तें घेतें, आणि गाडीस ५५० मापें मिळतात. मात्र दोन्ही चाकें त्याच चिखलांत असतील तर कुलुपानंतरही ५० अधिक ५० म्हणजे १००च. कुलूप पकड निर्माण करीत नाहीं. जी असते ती वायां जाऊं देत नाहीं, एवढेंच. विकणारे दुकानदार हें वाक्य सहसा उच्चारीत नाहींत.

ट्रॅक्टर चालविणाऱ्या शेतकऱ्यास यांतलें कांहीं नवें वाटणार नाहीं. त्याच्या पायाशीं याच कुलुपाचें लहानसें पेडल असतें. काळ्या रानांत नांगरतांना एक चाक घसरूं लागलें कीं तें दाबावयाचें, आणि बांधाशीं वळण्यापूर्वीं सोडावयाचें. न सोडतां वळल्यास ट्रॅक्टर वळत नाहीं किंवा आंतलें कांहीं मोडतें, हें त्यास कोणी पुस्तकांतून शिकविलेलें नसतें. युद्धानंतर जर्मनींत शेतीकामासाठीं निघालेल्या युनिमॉग गाडीस दोन्ही आंसांचीं कुलुपें होतीं तीं याच कारणानें. उलट दुसऱ्या महायुद्धांत सहा लाखांहून अधिक संख्येनें बनलेल्या आणि १९४७ पासून मुंबईंत महिंद्र कंपनीनें जुळविलेल्या विलिस जीपला असें कोणतेंही कुलूप नव्हतें. ती हलकी होती, आंखूड होती आणि तिचे चालक वाट पाहून गाडी घालीत. कुलुपावांचून आडवाट तुडवितांच येत नाहीं, या समजुतीस एवढें उत्तर पुरे आहे.

तरीही तिची मर्यादा होतीच, आणि ती आजच्या चारही चाकांस बळ देणाऱ्या गाड्यांसही आहे. थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांत चारचाकी बळ लावलें म्हणजे पुढचा व मागचा आंस एकमेकांस जखडले जातात. परंतु प्रत्येक आंसाच्या आंत डावें-उजवें चाक मोकळेंच राहतें. ओढ्यांतून तिरपें चढतांना पुढचें डावें आणि मागचें उजवें चाक एकदम उचललें जातें, आणि चारचाकी म्हणविणारी गाडी दोन चाकें जमिनीवर घट्ट असूनही हलत नाहीं. खरेदीदारास पहिला धक्का बसतो तो येथें, आणि तो परत येऊन कुलुपांची चौकशी करूं लागतो तोही येथूनच.

चौकशी केल्यावर त्याच्यापुढें निरनिराळ्या जातींचीं कुलुपें मांडलीं जातात. त्यांपैकीं अगदीं सौम्य जात म्हणजे अर्धें कुलूप. यांत चाकांमागील चक्रांशीं घर्षणाच्या चकत्यांचा गठ्ठा असतो. एक चाक फार पुढें धांवूं लागलें कीं चकत्या त्यास अडवितात व कांहीं बळ दुसरीकडे वळवितात. १९३० च्या दशकांत ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारींसाठीं अशा योजना झाल्या, आणि १९५६ पासून अमेरिकन रस्त्यावरील मोटारींतही त्या येऊं लागल्या. दुसऱ्या एका घडणींत चकत्यांऐवजीं मळसूत्री दांत्यांचीं चक्रें असतात. तीं कमी पकडीच्या चाकास जेवढें पेलतें त्याच्या सुमारें दुप्पट-तिप्पट बळ दुसऱ्यास देतात. ओल्या डांबरी रस्त्यावर हें उत्तम. परंतु हवेंतल्या चाकास कांहींच पेलत नसल्यामुळें शून्याची तिप्पटही शून्यच होते. अशा वेळीं जाणता चालक डाव्या पायानें ब्रेक हलकासा दाबून धरतो. हवेंतल्या चाकास तेवढा खोटा भार मिळतो आणि त्याच्या तिप्पट बळ खऱ्या कामास लागतें. युक्ति चांगली आहे, पण तिच्यावर दरवेळीं विसंबून दरींत उतरूं नये.

अलीकडील गाड्यांत हीच युक्ति यंत्रें स्वतः करतात. घसरणारें चाक ओळखून केवळ त्याचाच ब्रेक लावावयाचा, म्हणजे बळ पलीकडे जातें. २०२३ सालीं भारतांत आलेल्या जिम्नीची सारी भिस्त यावरच आहे. यासाठीं आंसाच्या आंत कांहीं बसवावें लागत नाहीं, वळण्यास अडथळा नाहीं, आणि किरकोळ चिखलास हें खरोखर पुरतें. दोष दोन आहेत. चाक घसरल्यावांचून तें जागें होत नाहीं. आणि लांब चढावर इंजिन ढकलीत असतां ब्रेक अडवीत राहतात, त्यामुळें शक्ति जाते व ब्रेक तापतात.

याच्या अगदीं दुसऱ्या टोकाला कायमचें कुलूप आहे. कित्येक गॅरेजांत डिफरन्शियलचीं आंतलीं चक्रें सरळ वेल्डिंग करून एकजीव केलीं जातात. खर्च थोडा आणि घाटांतील प्रत्येक वळणावर त्याचें व्याज. शर्यतीपुरती ट्रेलरवरून नेली जाणारी गाडी असेल तर गोष्ट निराळी. मुलाबाळांसह रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीस हा उपाय सांगणारा कारागीर कितीही अनुभवी असला तरी त्याचें ऐकूं नये.

या दोन टोकांच्या मध्यें खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो असा: कुलूप केव्हां लागावें हें यंत्रानें ठरवावें कीं चालकानें?

यंत्रानें ठरविणाऱ्या कुलुपांत अमेरिकेंतील डेट्रॉइट नांवाचें कुलूप सर्वांत जुनें व दणकट समजलें जातें. १९४० च्या दशकापासून तें मालवाहू व लष्करी गाड्यांत आहे. त्याची रीत चमत्कारिक आहे. तें मुळांत लागलेलेंच असतें. वळणावर बाहेरचें चाक अधिक वेगानें फिरूं लागलें म्हणजे त्या बाजूचे दांते तात्पुरते सुटतात व तें चाक मोकळें धांवतें. त्या वेळीं गाडीस ढकलण्याचें काम एकटें आंतलें चाक करतें. वळण संपतांच दांते पुन्हा बसतात, आणि बसल्याचा खटका गाडींतील सर्वांस ऐकूं येतो. खटक्याचें कांहीं नाहीं, तो संवयीनें सहन होतो. परंतु पावसानें निसरड्या झालेल्या वळणावर पाय दाबतां-उचलतां गाडीचा मागचा भाग एकदा असा, एकदा तसा वागतो. आंखूड गाडींत तर हें विशेष जाणवतें. चालकास आपली गाडी पुनः नव्यानें शिकावी लागते, आणि तिच्यावर दुसरा चालक बसला तर त्यासही.

ईटन कंपनीचें स्वयंचलित कुलूप याहून सभ्य आहे. महाराष्ट्रांतील पुष्कळांस तें नकळत परिचयाचें झालेलें आहे, कारण नाशिकला बनणाऱ्या थारच्या मागच्या आंसांत २०१५ पासून कंपनीच तें बसवूं लागली. मात्र प्रत्येक प्रकारांत तें येतेंच असें नाहीं, म्हणून खरेदीपूर्वीं विचारून घ्यावें. हें एरवीं पूर्ण मोकळें असतें. दोन चाकांच्या वेगांत मिनिटास सुमारें १०० फेऱ्यांचा फरक पडला कीं आंतील लहान वजनें केंद्रापासून बाहेर फांकतात, एका अडसरांत अडकतात, आणि चकत्या दाबल्या जाऊन दोन्ही चाकें एक होतात. गाडीचा वेग ताशीं ३० किलोमीटरच्या वर गेला तर दुसरी एक अडकण त्या वजनांस कामच करूं देत नाहीं. बटन नाहीं, नळी नाहीं, लक्षांत ठेवण्यासारखें कांहीं नाहीं. वर्षांतून दोन-चार वेळां गांवाकडच्या कच्च्या वाटेनें जाणाऱ्या कुटुंबास यापेक्षां अधिक कशाची गरज असेल असें वाटत नाहीं. फक्त एक गोष्ट समजून असावी. चाक घसरल्यावरच तें लागतें, व लागतांना झटका बसतो. अडथळा येण्यापूर्वीं तें आपल्या इच्छेनें लावतां येत नाहीं. आणि लागूं नये असें वाटत असतां थांबवितांही येत नाहीं, पाय उचलण्यापलीकडे चालकाच्या हातीं कांहीं राहत नाहीं.

'लागूं नये असें वाटत असतां' हे शब्द कित्येकांस विचित्र वाटतील. मदतीस येणारें कुलूप नको असें कोणास कां वाटावें? या विषयांतील सर्वांत महत्त्वाची व सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट ती हीच.

टायरची पकड ही एकच थैली आहे. गाडीस पुढें ढकलणें आणि बाजूस घसरूं न देणें हीं दोन्ही कामें त्या एकाच थैलींतून भागवावीं लागतात. चाक जागच्या जागीं फिरूं लागलें कीं थैली रिकामी होते, व तें चाक बाजूस सरकण्यास कसलाच अडथळा करीत नाहीं. आतां सह्याद्रींतील पावसाळी वाट डोळ्यांपुढें आणावी: एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास दरी, आणि मधली लाल माती दरीकडे कललेली. कुलूप नसलेल्या गाडीचें मागचें एक चाक येथें फिरूं लागतें आणि गाडी थांबते. चालक वैतागतो, परंतु त्याच आंसावरील दुसरें चाक फिरत नसल्यामुळें तें मेखेसारखें जमिनीस धरून असतें आणि गाडी जागेवर राहते. कुलूप लागलेलें असेल तर दोन्ही चाकें एकाच क्षणीं फिरूं लागतात, दोन्ही एकदमच पकड सोडतात, आणि गाडीचा मागचा भाग आवाज न करतां दरीकडे सरकूं लागतो. चालकानें घाबरून पाय अधिक दाबला तर सरकण्याचा वेग वाढतो. ज्या यंत्रानें सरळ चढावर गाडी वांचविली, तेंच येथें तिला कड्याकडे नेतें.

म्हणून कललेल्या वाटेवर कुलूप उघडें ठेवून, खालच्या गिअरमध्यें, चाक फिरूं न देतां संथपणें जावें, असा जाणत्यांचा परिपाठ आहे. त्यानें काम भागत नसेल तर आधीं माणसें उतरवावींत, आणि डोंगराच्या बाजूच्या भक्कम झाडास दोर बांधून मगच पुढचा विचार करावा. निसरड्या उतारावरील वळणाचीही अशीच गोष्ट आहे. मागचीं दोन्ही चाकें सारखीं फिरत असल्यामुळें गाडी सरळ जाऊं पाहते आणि पुढच्या चाकांचें म्हणणें ऐकत नाहीं. उताराच्या तोंडाशीं कुलूप काढलें नाहीं तर वळण संपण्यापूर्वींच रस्ता संपतो.

हें एकदा ध्यानांत आलें म्हणजे निवडीचा कौल कोणीकडे पडतो तें निराळें सांगावयास नको. सपाट वाळवंटांत किंवा शेतांत वावरणाऱ्यास स्वयंचलित कुलूप चालेल. ज्याची वाट डोंगराच्या कुशींतून जाते आणि जो तींवर वारंवार जातो, त्यानें स्वतःच्या हातानें लावण्याचें व काढण्याचें कुलूप घ्यावें, मग तें महाग कां असेना. अट एवढीच कीं, चालकास तें काढण्याची आठवण राहिली पाहिजे. ज्यास गाडीचे दिवे बंद करण्याची आठवण राहत नाहीं, त्यास पहिलाच प्रकार बरा.

हातच्या कुलुपांतही हवेचें, विजेचें आणि तारेचें किंवा दांड्याचें असे भेद आहेत. हवेच्या कुलुपांत ऑस्ट्रेलियांतील एआरबी कंपनीचें नांव सर्वत्र झालेलें आहे. गाडींत लहानसा काँप्रेसर असतो. बटन दाबतांच बारीक नळींतून हवा आंसाच्या आंत जाते, तेथील दट्ट्या पुढें सरकतो आणि चक्र डिफरन्शियलच्या पेटीस जखडलें जातें. हवा सोडली कीं स्प्रिंगा त्यास मागें ढकलतात. लागणें-सुटणें तत्काळ होतें, आणि त्याच काँप्रेसरनें टायरांत हवाही भरतां येते, हा लाभ लहान नव्हे. दुखणीं बहुधा नळीचीं असतात. ती दगडानें तुटते, सायलेन्सरजवळून नेली तर वितळते, आणि आंतील रबरी कडी झिजली तर हवा आंसांत किंवा तेल नळींत शिरतें. गाडी घेऊन लांब जाणाऱ्यानें त्या नळीचा हातभर तुकडा व दोन जोड जवळ ठेवावे. विजेच्या कुलुपांत नळी नाहीं. चुंबकानें ओढलेल्या मेखा किंवा दांते बसतात. तेथें ओलावा शिरून तारांचे जोड गंजणें हीच काय ती चिंता. ताण पडलेला असेल तर बटन बंद केल्यावरही तें थोडा वेळ सुटत नाहीं, गाडी किंचित् मागें-पुढें केली म्हणजे सुटतें. २०२४ सालच्या थार रॉक्सच्या कांहीं प्रकारांत मागच्या आंसास या जातीचें कुलूप आहे. तिसरा प्रकार सर्वांत साधा. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरखा गाडींत पुढचें व मागचें अशीं दोन्ही कुलुपें असून तीं हातानें दांडा ओढून लावावयाचीं आहेत. बिघडण्यासारखें त्यांत थोडें, आणि जें बिघडेल तें गांवच्या लोहारास कळेल असें.

तिन्हींचा नियम एकच. अडथळा दिसतांच, त्यापूर्वीं, गाडी उभी असतां किंवा मुंगीच्या पावलानें चालत असतां कुलूप लावावें. एक चाक जोरानें फिरत असतां लावलें तर थांबलेले व धांवते दांते एकमेकांवर आदळतात आणि तुकडे आंसाच्या तळाशीं मिळतात. कठीण जमीन लागतांच तें काढावें.

कोणत्या आंसास, हा प्रश्न त्यामानानें सोपा आहे. चढावर गाडीचा भार मागें जातो, म्हणून एकच कुलूप घ्यावयाचें तर तें मागें. पुढच्या कुलुपानें गाडी खडकाळ वाटेवर नवल वाटावें इतकी चढते, परंतु स्टिअरिंग जड होतें, आणि चाकें वळविलेल्या स्थितींत सारें बळ एकाच चाकावर आलें म्हणजे त्या बाजूचा सांधा तुटतो. दोन्ही कुलुपें एकदम लावण्याची वेळ वर्षांतून किती वेळां येते, याचा प्रामाणिक हिशेब प्रत्येकानें आपल्याशींच मांडावा. बहुतेकांचा आंकडा एका हाताच्या बोटांवर मावतो.

येथें आणखी एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. कुलुपासाठीं काढून ठेवलेले पैसे पुष्कळांनीं आधीं दुसरीकडे खर्चावे. झिजलेल्या, रस्त्यासाठींच केलेल्या टायरांवर कुलूप बसविणें म्हणजे गळक्या घागरीस चांदीचें झांकण. दर चौरस इंचास ३० ते ३५ पौंड दाबाच्या टायरनें वाळूंत अडकणारी गाडी तोच दाब १५ ते १८ पौंडांवर आणला तर बहुधा विनाकुलूप निघते, कारण टायर पसरतो आणि भार अधिक जागेवर वांटला जातो. रस्त्यास लागण्यापूर्वीं पुन्हा हवा भरावी लागते, म्हणून दाब मोजण्याचें साधन व पंप जवळ हवा. वाळूंत रुतलेल्या गाडीचें कुलूप लावून चाकें फिरवीत बसल्यास ती दोन्हीं बाजूंनीं सारखी खोल जाते. कोंकणच्या किनाऱ्यावर भरती तोंडाशीं आलेली असतां हा प्रयोग करण्यासारखा नाहीं. अनेक किनाऱ्यांवर मुळांत गाडी नेण्यासच मनाई आहे, हें निराळेंच. टायर, पंप, ओढण्याचा दोर आणि गाडीस पुढें-मागें भक्कम हूक, हीं झाल्यावर उरेल त्यांतून कुलूप.

तें घेतांना गाडीचें नांव सांगून भागत नाहीं. एकाच नांवाच्या गाडींत निरनिराळ्या वर्षीं निरनिराळे आंस आलेले असतात. आंस कोणत्या घडणीचा, दांड्याच्या टोकावरील खांचा किती, क्राऊन-पिनियनचें प्रमाण काय, या तीन गोष्टी ताडून पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. खांचांची संख्या एकानें चुकली तरी कुलूप बसत नाहीं. बसविणारा कारागीर त्याहून महत्त्वाचा. क्राऊन आणि पिनियन यांच्या दांत्यांतील मोकळीक मिलिमीटरच्या शतांशांत मोजून, दांत्यांस रंग लावून त्यांची गांठ कोठें पडते तें पाहून जुळवावी लागते. जो हें काम हातानें हलवून 'ठीक आहे' म्हणतो, त्याच्याकडील गाडी थोड्याच दिवसांत सूं सूं आवाज करीत परत येते. नव्या गाडीचा आंस उघडल्यावर कंपनीची हमी राहते कीं जाते, हें आधीं लेखी विचारावें. चकत्यांच्या कुलुपास त्याच्यासाठीं सांगितलेलें तेलच लागतें. आणि ओढा ओलांडतांना आंस पाण्यांत बुडाला असेल, तर परतल्यावर त्यांतील तेल पाहावें. तें दुधाळ झालेलें असल्यास त्याच दिवशीं बदलावें.

जुनी गाडी घेणारास विकणारा 'कुलूप आहे' एवढेंच सांगतो. त्याची परीक्षा सोपी आहे. पुढच्या चाकांस ओंडके लावून मागचीं दोन्ही चाकें जॅकवर उचलावींत व भक्कम आधारावर टेकवावींत. गाडी गिअरमध्यें ठेवून एक चाक हातानें फिरवावें. कुलूप काढलेलें असेल तर दुसरें उलट दिशेस फिरतें. मग गाडी न्यूट्रलला आणून कुलूप लावावें. आतां दोन्ही चाकें एकाच दिशेस, एकाच वेळीं फिरलीं पाहिजेत, आणि पुन्हा गिअर घातल्यास जागचीं हलतां कामा नयेत. कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षें न वापरल्यामुळें आंतला दट्ट्या किंवा काटा गंजून बसलेला असतो; त्यासाठीं गरज नसली तरी महिन्यांतून एकदा मातीच्या सरळ वाटेवर दहा-वीस पावलें कुलूप लावून गाडी चालवावी. ईटनच्या स्वयंचलित कुलुपास मात्र ही हाताची परीक्षा लागू नाहीं. हातानें चाक सावकाश फिरविल्यास मिनिटास १०० फेऱ्यांचा फरक पडत नाहीं. तें कुलूप पाहावयाचें असेल तर विकणाऱ्यास घेऊन एखाद्या चिखलाच्या चढावरच जावें लागतें.